माळ्यावरची दुर्बीण खळ्यात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, पावसाआधी माळा झाडला जातो आणि दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेमागे एक लांबट खोका सापडतो. मग मला फोटो येतात. आमच्या राजापूर तालुक्यातल्या घरीही असंच झालं होतं. काकांनी १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूसाठी मुंबईहून दुर्बीण आणली. धूमकेतू त्या खेपेला धड दिसलाच नाही, आणि दुर्बीण तीसेक वर्षं सुपं-रोवळ्यांच्या शेजारी पडून राहिली. आता ती बहुतेक रात्री खळ्यात असते. खालचे प्रश्न लोकांनी पाठवलेलेच आहेत, मी फक्त भाषा थोडी सारखी केली आहे.

१. माळ्यावर जुनी दुर्बीण सापडली. अजून चालेल का, की भंगारात द्यावी?

भंगारात देऊ नका. अशा दुर्बिणी बहुतेक ५० किंवा ६० मिलिमीटर भिंगाच्या असतात. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच: पुढे एक भिंग, मागे एक आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग), मध्ये रिकामी नळी. पुढचं भिंग फुटलेलं नसेल आणि आयपीसची नळी आत-बाहेर सरकत असेल, तर दुर्बीण चालू आहे असं समजा. ६० मिलिमीटरचं भिंग अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे ७० पट प्रकाश गोळा करतं. चाळीस वर्षांपूर्वी तेवढाच करत होतं, आजही तेवढाच करतं.

फोकसचं चक्र घट्ट झालं असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल घालू नका, ते थंडीत थिजतं. आमच्याकडे हा प्रयोग होऊन गेला आहे. डिसेंबरात नळी अशी अडकली की फोकस करायला दोन माणसं लागली.

२. भिंगावर पांढरी जाळी दिसते. पंच्याने पुसू का?

पंचा ठेवून द्या. ती जाळी म्हणजे बुरशी, कोकणातल्या पावसाळ्याची भेट. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, कारण धुळीसकट पुसलं की ओरखडे येतात आणि ओरखडे कायमचे राहतात. मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस आणा. बोळा जेमतेम ओला करा आणि न दाबता मधून बाहेर फिरवा. दर फेरीला नवा बोळा घ्या.

बुरशी आतल्या बाजूला असेल तर थोडं थांबून विचार करा. पुढचं भिंग एकसंध दिसलं तरी ती दोन भिंगांची जोडी असते, आणि जुन्या दुर्बिणींत त्या दोघांच्या मध्ये वर्खाचे तीन बारीक तुकडे असतात. खोललंच तर आधी कडेवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे जोडी तशीच परत बसेल. माझ्या भिंगात कडेला नखाएवढी बुरशी आहे. ती मी तशीच ठेवली आहे आणि गुरूला त्याने काही फरक पडलेला नाही.

पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजा. ते तापवले की परत निळे होतात, पण त्यांतलं निळं रसायन पोटात जाण्यासारखं नाही, तेव्हा भाकरीच्या तव्यावर नको.

३. खोक्यावर ५२५ पट लिहिलं आहे. तरी काहीच दिसत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेक लोकांची दुर्बीण परत माळ्यावर जाते ती याच आकड्यामुळे.

हिशोब सोपा आहे. नळीवर ७०० मिलिमीटर असं नाभीय अंतर लिहिलेलं असतं, आयपीसवर २०, १२.५ किंवा ४. मोठ्याला छोट्याने भागा. ७०० भागिले २० म्हणजे ३५ पट. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, आणि सोबतची तिप्पट करणारी बार्लो नळी लावली की ५२५. गणित बरोबर आहे, पण ६० मिलिमीटरच्या भिंगाने गोळा केलेला प्रकाश एवढा ताणला जात नाही. ढोबळ नियम असा की भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे इथे १२०. त्यापुढे चित्र फक्त मोठं, काळपट आणि पुसट होतं. एक वाटी ताकात घागरभर पाणी ओतल्यासारखं.

त्यातून पृथ्वी फिरते आहेच. १७५ पटीला ग्रह पाऊण मिनिटात नजरेबाहेर जातो.

तेव्हा २० चं आयपीस लावा आणि बराच काळ तेच वापरा. ४ चं आणि बार्लो डब्यात राहू द्या. जुन्या दुर्बिणीत खरी मजा ३० ते ७० पटींच्या मध्ये आहे.

४. हात लावला की चित्र थरथरतं. ग्रह नाचतो. दुर्बीण खराब आहे का?

दुर्बीण बरी आहे, पायांत दम नाही. तिपाईचे पाय पूर्ण आखडून घ्या आणि तुम्ही खुर्चीवर बसा. पायांच्या मधून एक पिशवी लोंबती ठेवा, त्यात पाच-सहा सोललेले नारळ घाला. हसू नका, थरथर निम्म्यावर येते. खळं सिमेंटचं असेल तर पायांखाली गोणपाट टाका. फोकस केला की हात काढून मनात पाच आकडे मोजा आणि मगच बघा.

५. दुर्बिणीत काही सापडतच नाही, सगळं काळं दिसतं.

वरच्या छोट्या फाईंडरची (नेम धरायच्या नळीची) आणि मोठ्या नळीची दिशा जुळलेली नसते. ती जुळवायचं काम दिवसा करा. लांबचा एखादा माड किंवा मोबाईल टॉवरचं टोक आधी मोठ्या नळीत मधोमध आणा. मग फाईंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. सूर्य ज्या अंगाला असेल तिकडे हे करू नका, प्रश्न १३ बघा. आणि हो, पुढचं झाकण काढलंत ना? तीनदा तरी मला याच कारणासाठी फोन आले आहेत.

६. पहिल्या रात्री काय बघू?

चंद्र. पण पौर्णिमेचा नको. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश समोरून पडतो, सावल्या नसतात, आणि चंद्र चुना लावलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस धरा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर विवरांच्या कडा उजळलेल्या असतात आणि तळ काळेकुट्ट. नवमी-दशमीला कोपर्निकस नावाचं ९३ किलोमीटर रुंदीचं विवर त्या रेषेच्या जवळ येतं. त्याच्या कडेच्या पायऱ्या ६० मिलिमीटरमध्येही कळतात.

मी एकदा एकाच रात्री आठ ते अकरा त्या रेषेवरचं एक शिखर बघत बसलो होतो. सुरुवातीला काळोखात एक टिंब होतं. जेवून आलो तर त्याची रेघ झाली होती. चंद्रावरच्या त्या डोंगरावर तेव्हा सकाळ होत होती आणि इकडे वहिनी भांडी घासत होत्या.

७. गुरू, शनी नक्की किती दिसतात? फोटोसारखे दिसतील का?

फोटोसारखे दिसणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर पहिला माणूस “एवढंच?” म्हणतो आणि मागची रांग पांगते.

गुरू ३५ पटींत लहानशी तबकडी दिसतो, हवा शांत असेल तर तिच्यावर दोन फिकट पट्टे. खरी गंमत शेजारच्या चार ठिपक्यांत आहे. गॅलिलिओला जानेवारी १६१० मध्ये दिसलेले हेच ते चंद्र, आणि त्याची दुर्बीण तुमच्या माळ्यावरच्या दुर्बिणीहून कमी प्रतीची होती. वहीत एक गोल काढा, ठिपके मांडा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मांडा. आयो हा आतला चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, त्यामुळे रोजचं चित्र वेगळं असतं. कधी तीनच ठिपके दिसले तर घाबरू नका, चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे आहे.

शनीची कडी ३५ पटींत जेमतेम, ५० ते ७० पटींत चांगली दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याकडे कडेने वळलेली होती, म्हणून त्या सुमारास बघणाऱ्यांना नुसती रेघ दिसली. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात रुंद दिसतील. मुलगा आज पाचवीत असेल तर वहीत नोंद ठेवायला सांगा.

शुक्र चंद्रासारखा कलेकलेने वाढतो-घटतो, तोही बघा. मंगळ मात्र दर २६ महिन्यांनी जवळ येतो तेवढे काही आठवडे सोडले तर तांबडा ठिपकाच, त्याच्यासाठी थंडीत बसू नका.

८. कोकणात आकाश कधी चांगलं असतं?

दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत. पावसाने हवा धुतलेली असते, रात्री गार होतात आणि मृगापासून कृत्तिकेपर्यंत सगळी मंडळी डोक्यावर असतात. मार्चनंतर समुद्रावरची आर्द्रता वाढते आणि क्षितिजाजवळ दुधट पडदा येतो. तरी एप्रिल-मे टाकाऊ नाही, प्रश्न १० बघा. जून ते सप्टेंबर दुर्बीण डब्यात. गणपतीत कधी रात्री दोन-तीन तास असं आकाश उघडतं की वर्षभर लक्षात राहतं, पण त्याच्या भरवशावर पाहुण्यांना बोलावू नका.

दिवसांतला हिशोब तिथीवर करा. आकाशगंगा आणि तेजोमेघ बघायचे तर अमावास्येचा आठवडा घ्या. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे त्यानंतरचा काळोख तुमचा. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे आधीचा काळोख तुमचा. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, ॲप नसलं तरी चालतं.

९. सात-आठ जूनला मृग लागतो म्हणतात. मग तेव्हा आकाशात मृग का दिसत नाही?

सूर्य त्याच्या अंगणात उभा असतो म्हणून. “मृग लागला” याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात शिरला. म्हणजे त्या दिवसांत मृग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. भात पेरणारा शेतकरी ज्या नक्षत्राच्या नावाने पेरतो ते त्याला तेव्हा दिसतच नाही, हे मला कळलं तेव्हा मी चाट पडलो होतो. ऑगस्टात ते पहाटे पूर्वेला परत येतं, आणि जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊ-दहाला जवळजवळ माथ्यावर.

तेव्हा दुर्बीण मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली, दक्षिणेला न्या. तिथे एक धूसर फुंकर दिसेल. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, जिथे नवे तारे तयार होत आहेत. ५० पटींत त्याच्या मधोमध चार चिमुकले तारे चौकोन करून बसलेले दिसतात. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवा, धूसर भाग जास्त पसरलेला दिसतो.

१०. दक्षिणेला समुद्राकडे काय बघण्यासारखं आहे?

इथे कोकणाची चंगळ आहे. रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे दिल्लीकरांना क्षितिजाला टेकलेले दिसणारे तारे आपल्याला बरेच वर मिळतात. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊला व्याधाच्या बरंच खाली अगस्ती असतो, क्षितिजापासून सुमारे २० अंश वर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश, तेव्हा दोन मुठी मोजा. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. जुनी माणसं म्हणतात अगस्ती उगवला की पाऊस ओसरतो आणि पाणी निवळतं. तो पहाटे दिसू लागतो तो काळ बघितला तर यात तथ्य आहे.

मेच्या मध्यावर साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू उभा असतो, सवा मुठीवर. त्यानंतर तासाभराने ओमेगा सेंटॉरी नावाचा तारकागुच्छ अडीच मुठींवर येतो. त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत. आपल्या दुर्बिणीत ते सुटे दिसत नाहीत, कापसाचा गोल बोळा दिसतो, पण तो बोळा चांगला ठसठशीत असतो. दक्षिण क्षितिज मोकळं हवं, मध्ये पोफळी नकोत.

११. सड्यावर जावं की घरच्या खळ्यातच बसावं?

खळ्यात. दुर्बीण उचलून लांब न्यावी लागली की महिन्यातून एकदा निघते, खळ्यात असली की रोज. बाहेरचा दिवा मालवा आणि वीस मिनिटं मोबाईल बघू नका, डोळा तेवढा वेळ मागतोच. रस्त्याचा दिवा आड येत असेल तर पडवीच्या कोपऱ्यात सरका. लाईट गेली की लोक महावितरणला फोन लावतात, मी दुर्बीण बाहेर काढतो.

सड्यावर आकाश मोठं मिळतं, कबूल. पण दिवसभर तापलेला कातळ संध्याकाळी उष्णता सोडत राहतो आणि वरचं चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. कौलांवरूनही तेच होतं, म्हणून छपराच्या लगेच वर असलेला ग्रह बघू नका. खारे वारे पडून मतलई वारे सुटले की चित्र बहुतेक स्थिरावतं. पश्चिमेला बंदी असूनही एलईडी दिवे लावून मासे धरणारे ट्रॉलर उभे असतील तर त्या बाजूचं क्षितिज गेलं म्हणून समजा. मच्छीमारांची त्यांच्याबद्दलची तक्रार अर्थात माझ्या तक्रारीहून फार मोठी आहे.

आणि कुठेही बसा, पायांत बूट हवेत. गडग्याजवळ आणि कातळावर फुरसं असतं, ते आपल्याला दिसायच्या आत आपण त्याला दिसतो. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. पायाखालचं दिसतं आणि डोळ्यांचा काळोखही मोडत नाही.

१२. अर्ध्या तासात भिंगावर दंव जमतं. काय करायचं?

पुढच्या टोकाला पुठ्ठ्याची नळी गुंडाळा, भिंगापुढे वीतभर येईल अशी, आतून काळा कागद. दंव पडलंच तर पुसू नका, पंख्यासमोर धरा. घरात आणल्यावर ओलं भिंग झाकून ठेवलं की प्रश्न २ मधली जाळी आलीच. उघडं ठेवून सुकू द्या, सकाळी झाका.

१३. सोबत सूर्य बघायची काळी काच आहे. ती लावून सूर्य बघू का?

नाही. आयपीसला लावायची ती काच आजच फोडून टाका, नुसती बाजूला ठेवू नका, कारण पुढच्या मे महिन्यात ती एखाद्या मुलाला सापडेल. पुढच्या भिंगाने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते आणि ती बघता बघता तडकू शकते. डोळा मिटायला वेळ मिळत नाही, आणि डोळ्यातल्या पडद्याला झालेली इजा दुखतही नाही.

सूर्याचा खरा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसणारा असतो. तो नसेल तर दुर्बीण सूर्याकडे वळवूच नका, फाईंडरही नाही. २ ऑगस्ट २०२७ ला कोकणातून खंडग्रास ग्रहण आहे, संध्याकाळकडे. पावसाळा आहे, तरी ढग फाटलेच तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडा.

१४. गणेश चतुर्थीला चंद्र दुर्बिणीतून दिसला तर चोरीचा आळ येतो का?

आमच्या आजीचं मत होतं, येतो. माझा अनुभव: त्या रात्री कोकणात ढगच असतात, त्यामुळे प्रश्न तडीला गेलेला नाही.

१५. सगळं उलटं दिसतं. भिंग उलटं बसवलं आहे का?

नाही, खगोल दुर्बिणीत चित्र उलटंच येतं. काटकोनी आरसा लावला तर वर-खाली सरळ होतं, पण डावं-उजवं बदलतं. आकाशात वर आणि खाली नसतंच, सवय होते. चित्र सरळ करणारी वेगळी नळी खोक्यात असेल तर ती दिवसा समुद्रातली गलबतं बघायला ठेवा, रात्री ती प्रकाश खाते.

१६. आयपीस हरवलं आहे. नवं आणलं तर बसत नाही.

जुन्या दुर्बिणींचं तोंड २४.५ मिलिमीटरचं असतं, हल्लीची आयपीस साधारण ३१.७ मिलिमीटरची. एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं तोंड असलेला काटकोनी आरसा मिळतो, तो घ्या. त्यात २०-२५ मिलिमीटरचं साधं चांगलं आयपीस घातलं की जुनी दुर्बीण ओळखू येत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर मी आधी इथे खर्चीन.

१७. माझ्या दुर्बिणीला वजन लावलेला तिरका दांडा आहे. तो कसा लावायचा?

वजनाचा दांडा ज्याच्याभोवती फिरतो तो तिरका आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, आणि ध्रुव आपल्याकडे फक्त १७ अंशांवर, पावणेदोन मुठी. ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो हा गैरसमज आहे, तो साधारण सप्तर्षींतल्या ताऱ्यांएवढा आहे आणि बहुतेक घरांत माडांमागे दडलेला असतो. आस एवढा आडवा केला की वजन तिपाईच्या पायावर आपटतं. वजन दोन पायांच्या मधून जाईल अशी तिपाई फिरवून बघा, तरीही जमलं नाही तर नाद सोडा आणि हाताने ढकलत बघा.

उत्तरेला वळलाच आहात तर सप्तर्षींतला वसिष्ठ बघा. शेजारची अरुंधती लग्नात भटजी दाखवतात, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीत मात्र वसिष्ठ स्वतःच दोन निघतो. भटजींना दाखवलं तर त्यांनी मला विचारलं, मग अरुंधती नक्की कुणाची?

१८. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना? तिथून काही खास दिसतं का?

गडावर “साहेबाचे ओटे” दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण तारखा सुट्या करून बघा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. ओट्यांवरचे साहेब म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, ते तेव्हा इंग्लंडातच होते, आणि त्याच ऑक्टोबरात तिथून त्यांनी ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला, हेलियमची पिवळी रेषा त्यातलीच. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याआधी १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर सापडलाही होता. म्हणजे साहेब खरा, मोहीम खरी, जोडणी चुकली. हे मी गावात एकदा बोललो आणि आठवडाभर कुणी चहाला बोलावलं नाही.

तिथून दक्षिणेचं आणि पश्चिमेचं क्षितिज मोकळं मिळतं. अगस्तीसाठी जागा उत्तम.

१९. मोबाईलने फोटो निघेल का?

चंद्राचा निघेल. २० चं आयपीस लावा, मोबाईल त्याला टेकवा, चंद्रावर बोट ठेवून उजेड कमी करा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. गुरूचा पांढरा ठिपका येतो. तेजोमेघाचा नाद करू नका.

२०. बाबांना चष्मा आहे आणि त्यांना वाकता येत नाही. त्यांना कसं दाखवू?

जवळचं किंवा लांबचं दिसण्याचा चष्मा असेल तर काढायला सांगा, फोकस फिरवला की डोळा जुळतो. आडव्या नंबराचा असेल तर राहू द्या. काटकोनी आरसा लावा, खुर्ची आणा, आयपीस त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आणा. त्यांना आयपीस हाताने पकडू देऊ नका, प्रश्न ४ मधला नाच सुरू होईल. दोन्ही हात मांडीवर. आणि घाई करू नका, पहिलं मिनिटभर त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात.